चार मिलीमीटर

नझीह शम्मास काच कापतो.
सैदा शहरात, साबणाच्या जुन्या कारखान्यामागे,
जिथे गल्ली इतकी अरुंद की
मोठा आरसा न्यायचा तर समोरच्याने
एखाद्या दारात शिरून वाट द्यायची,
आणि जाता जाता स्वतःला एकदा पाहून घ्यायचं.

सकाळपासून तीन फोन.
पहिला : आत्ता बसवून घेऊ, की थांबू?
दुसरा : आत्ता बसवून घेऊ, की थांबू?
तिसरी त्याची थोरली बहीण, सरहद्दीलगतच्या गावातून.
ती काही विचारत नाही.
म्हणते, तंबाखूची पानं ओवायची राहिलीत,
पळताना सुई आणली, दोरा विसरला,
परत आले तर डोक्यावर ते भुणभुणणारं अजून तिथेच.
मधमाशी असती तर एव्हाना दमली असती.

दुपारी विमानं आवाजाच्या पुढे निघून जातात.
बॉम्ब नसतो. नुसता धमाका.
पोरं जिन्याखाली, मांजर कपाटावर.
नझीह जागचा हलत नाही, कान देतो :
रुग्णालयाच्या बाजूला दोन.
बंदरावर एक, मोठी.
शाळेकडे काही नाही. शाळेला काचा उरल्यात कुठे.

गिऱ्हाइकांना तो एक सल्ला फुकट देतो.
खिडकी पुरती लावू नका, पुरती उघडूही नका,
किलकिली ठेवा,
हवेला आत येऊन परत जाऊ द्या.
घट्ट लावलेली आधी फुटते.
हे त्याच्या बापाचं बोलणं. बापाचं युद्ध वेगळं होतं.
की तेच होतं,
मध्ये फक्त जेवायला उठलेलं?

रेडिओ सांगतो, आणखी एक आघाडी उघडण्याची शक्यता.
उघडण्याची!
जणू फीत कापायची आहे, पेढे वाटायचेत.
इनआम भांडी विसळता विसळता बोटं मोडते :
भाऊ बसऱ्याला, तेलाच्या पंपावर.
मुलगी दमास्कसला दिली.
भाचा तांबड्या समुद्रात, कुठल्याशा जहाजावर स्वयंपाकी.
आधी आपली माणसं पांगली, ती म्हणते,
आता युद्ध निघालंय एकेकाचा पत्ता विचारत.

काचेचं जहाजही तिकडेच होतं.
तांबड्या समुद्रात ते शिरलंच नाही,
आफ्रिकेला वळसा घालून येतंय म्हणे.
फुटायला एक क्षण,
आणि यायला अख्खी आफ्रिका.
नझीह हसतो तेव्हा त्याचा पुढचा दात दिसतो, अर्धा.
तोही काचेनेच गेला, सत्तावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आदल्या दिवशी.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात बोलावणं.
दर्शनी काचेला तडा, वीतभर.
नझीह पोऱ्याला शिकवतो :
तड्याशी भांडायचं नाही. त्याचं टोक शोधायचं.
टोकाच्या जरा पुढे बारीक भोक पाडायचं,
हलक्या हाताने, पाणी सोडत.
तडा तिथवर येतो आणि त्याला पुढची वाट सुचत नाही.

बोटाला थुंकी लावून तो रेघ चाचपत जातो.
खाली.
आणखी खाली, डावीकडे, जिथे खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे.
जाहिरात सोलून काढतो. रेघ पुढे गेलेली.
चौकटीपाशी ती रबराखाली शिरते
आणि तिथे तिला एक फाटा फुटलेला असतो,
कदाचित दोन. अंधार झालाय.
दुकानदारीणबाई विजेरी धरतात,
त्यांचा हात जरासा कापतो,
म्हणून काचेत कितीतरी तडे दिसतात
आणि त्यांतला खरा कुठला ते कळत नाही.

टोक सापडलं का, पोऱ्या विचारतो.

नझीह गिरमिट पिशवीत ठेवतो,
पाण्याची बाटली पोऱ्याच्या हातात देतो : पी तू.
मग खिशातून चिकटपट्टी काढतो,
दाताने तोडतो, त्या अर्ध्या दाताने,
फुलीसारखी लावतो.
एक इथे. एक तिथे. थांब, अजून एक.
पैसे उद्या द्या, म्हणतो,
आणि बाई, मागची खिडकी.
किलकिली.